नाकाच्या गावातली भिंगरी

गेल्या जुलैत एका दुपारी फोनवर रक्ताचा रिपोर्ट आला. पेशंटचं नाव भिंगरी, वय सहा वर्षं, मादी, जात बीगल. हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्याहून कमी, प्लेटलेट्सचं त्याहून वाईट. सगळ्यात खाली, आकड्यांच्या रकान्यांबाहेर, दोन शब्द: बबेसिया गिब्सोनी.

भिंगरी तेव्हा बाथरूमच्या गार फरशीवर पोट टेकून पडली होती. दोन दिवस तिने जेवणाकडे पाहिलं नव्हतं. ज्यांच्या घरी बीगल आहे त्यांना यातलं गांभीर्य समजावून सांगायला नको. हे कुत्रं गाढ झोपेतही फ्रिजच्या दाराचा आवाज ओळखतं. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, लघवी चहाच्या रंगाची. डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोचिडीचा ताप आहे. सकाळी घेऊन या. आणि घाबरू नका." मी घाबरले, आणि घाबरलेली माणसं हल्ली रात्री जे करतात तेच केलं. फोन घेऊन त्या दोन शब्दांच्या मागे लागले.

रोगाची माहिती दहा मिनिटांत मिळाली. त्यानंतर जे हाती लागलं त्याची मात्र मला कल्पना नव्हती. हा जीव माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडला तो भारतातच, १९१० साली मद्रासमध्ये. आणि सापडला तो विलायतेहून शिकारीसाठी आणलेल्या, वासावर माग काढणाऱ्या कुत्र्यांच्या रक्तात. म्हणजे भिंगरीच्याच भाऊबंदांच्या. एकशे पंधरा वर्षांपूर्वीची ती गोष्ट गंगापूर रोडवरच्या आमच्या बाथरूममध्ये येऊन पडली होती.

आमच्या गावाचं नावच नाकावरून पडलंय, निदान आजीच्या पिढीपर्यंत कोणाला त्याबद्दल शंका नव्हती. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते पंचवटीत, म्हणून नासिका, म्हणून नाशिक. नऊ शिखरांवरून नाव आलं असं म्हणणारेही आहेत. पण कुत्रं घरात आल्यापासून माझं मत नाकाच्या बाजूने पक्कं झालंय. भिंगरी आमच्याकडे आली ती दोन वर्षांची असताना. आमच्याच इमारतीतलं एक कुटुंब अमेरिकेला निघालं होतं. त्यांनी ती एका पैदास करणाऱ्याकडून घेतली तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांची होती. २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हे ना विकणाऱ्याने सांगितलं ना घेणाऱ्याने विचारलं. मुलांना कार्टूनमधला स्नूपी हवा होता. मिळाली ती ही: दिवसभर नाक जमिनीला लावून गोल गोल फिरणारी, एकटी ठेवली की लिफ्टपर्यंत ऐकू जाईल असा गळा काढणारी. "शांत कुत्रं आहे म्हणून सांगितलं होतं हो," असं त्या वहिनी जाताना आईला म्हणाल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. बीगल स्वभावाने खरंच शांत असतो, पण त्याचं तोंड आणि नाक शांत नसतं. का नसतं, ते त्याच्या इतिहासात आहे.

शिकारी कुत्र्यांची ढोबळ विभागणी दोन घराण्यांत करतात. काही नजरेवर पळतात, काही नाकावर. आपल्या दख्खनने घडवला तो पहिल्या घराण्यातला. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड असलेला कारवानी, ज्याला मुधोळच्या बाजूला मुधोळ हाउंड म्हणतात. उघड्या माळावर ससा दिसला की बाण सुटावा तसा सुटतो. दूरवर सगळं दिसतंय अशा मुलखात दहा मिनिटं जमीन हुंगत बसणाऱ्या कुत्र्याचं काय काम? नाकवाल्या कुत्र्याला दाट झाडी, दमट हवा आणि थंड जमीन मानवते, कारण वास तिथे टिकतो. आपल्याकडे मार्च उजाडला की नऊ वाजताच माळावरचा वास उडून जातो.

याचा अर्थ आपल्या परंपरेला कुत्र्याच्या नाकाची ओळख नव्हती असा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा आहे, देवांची कुत्री. पणींनी पळवलेल्या गाईंचा माग काढत ती रसा नदी ओलांडून जाते आणि त्यांच्या तोंडावर त्यांना जाब विचारते. पणी तिला बहीण म्हणतात, इथेच राहा म्हणतात, गाईंत वाटा देऊ करतात. ती बधत नाही. (हा भाग मी भिंगरीला वाचून दाखवला. अर्ध्या चकलीच्या बदल्यात तिने सगळ्या गाई सोडून दिल्या असत्या.) कुत्र्याला संस्कृतात 'सारमेय' म्हणतात ते या सरमेवरून. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांचा स्वतंत्र 'सारमेयविनोद' आहे. आणि आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर मालेगाव तालुक्यातलं चंदनपुरी हे बाणाईचं गाव. तिच्यासाठी खंडोबा तिथे धनगराघरी मेंढरं राखायला राहिला. खंडोबाच्या घोड्यापायी कुत्रं असतंच, आणि त्याचे वाघे देवापुढे कुत्र्यासारखे भुंकत. देवळालीची टेकडी चढताना मला नेहमी वाटतं, कुत्र्याला इतक्या जवळ बसवणारा देव दुसरीकडे शोधायला फार हिंडावं लागेल. पण हे कुत्रं राखणीचं आणि सोबतीचं. नाकासाठी मुद्दाम, पिढ्यान् पिढ्या निवडून घडवलेलं कुत्रं आपल्याकडे जहाजातून आलं.

बीगल हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतो. पहिल्या एलिझाबेथ राणीकडे अगदी छोटे, 'खिशातले' म्हणवणारे बीगल होते. आज दिसतो त्या बीगलचं मूळ १८३०च्या दशकात इसेक्स परगण्यातल्या फिलिप हनीवूड नावाच्या पाद्र्याने जमवलेल्या कळपात शोधतात. १८९०मध्ये इंग्लंडात बीगल क्लब स्थापन झाला. डार्विन ज्या जहाजातून जग फिरला त्याचं नावही याच कुत्र्यावरून ठेवलेलं. शाळेत 'बीगल जहाज' पाठ करताना आपल्याला ते कोणी सांगत नाही.

घोडा परवडणाऱ्यांनी कोल्ह्यामागे मोठे फॉक्सहाउंड सोडले. ज्यांना परवडत नव्हता, किंवा वयामुळे त्यावर बसवत नव्हतं, ते सशामागे बीगल सोडून स्वतः पायी चालले. म्हणजे माणसाला चालत गाठता येईल इतक्याच वेगाचं कुत्रं हवं होतं. उंची तेरा ते सोळा इंच, वजन दहा-बारा किलो. शेपटीचं टोक पांढरं, कारण गवतात डोकं बुडालं तरी ते झेंड्यासारखं वर दिसत राहतं. आणि गळा. बीगलचे तीन आवाज आहेत: साधं भुंकणं, लांडग्यासारखं हेल काढणं आणि माग सापडल्यावरचा तो लांबलचक, मध्येच फुटणारा टाहो. झाडीत दिसेनासा झालेला कुत्रा नेमका कुठे आहे आणि माग ताजा आहे की शिळा, हे मागच्या माणसाला त्या आवाजावरून कळायचं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भिंगरीबद्दल ज्या तक्रारी येतात त्या सगळ्या या तिसऱ्या आवाजाच्या आहेत. शेकडो वर्षं माणसांनी निवडून निवडून तो मोठा केला, आणि आता तो त्यांना नको आहे.

कळपात राहायचं म्हणजे भांडकुदळ असून चालत नाही. वीस-तीस कुत्री एकाच खोलीत झोपणार, एकाच पराातीतून खाणार. जो चावेल त्याची पुढे पैदास होत नसे. असा बीगल सोशिक होत गेला. हे लक्षात ठेवा, पुढे याची किंमत त्याने मोजली आहे.

नाकाबद्दल एक प्रयोग सांगते. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी कुत्र्यांच्या स्वभावाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५मध्ये आलं. एक एकर शेतात त्यांनी एक उंदीर सोडला आणि वेगवेगळ्या जातींची कुत्री पाठवली. बीगलना तो मिनिटाभरात सापडला. फॉक्स टेरियरना पंधरा मिनिटं लागली. स्कॉटिश टेरियरना सापडलाच नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात, बीगलच्या वीस कोटींच्या पुढे. त्यामुळे 'नाक खाली घातलं की हिला ऐकूच येत नाही' ही माझी तक्रार तशी अन्यायाची आहे. भर थिएटरात कोणी माझ्या कानात आधार क्रमांक विचारला तर मलाही ऐकू येणार नाही.

आता मद्रास. कंपनी सरकारच्या काळापासून गोरे अधिकारी जिथे जिथे राहिले तिथे तिथे त्यांनी शिकारीचे कळप पाळले: मद्रास, मुंबई, पुणे-खडकी, उटी. कुत्री विलायतेहून जहाजाने यायची. इंग्रजी शिकारीतला लाल कोल्हा इथे नव्हता. इथलं खोकड बारकं, म्हणून मग आपल्या कोल्ह्यामागे ही कुत्री सोडली जायची. पहाटे दव असेतो दौड, ऊन चढलं की खेळ बंद. उटीची हवा थंड म्हणून तिथला कळप टिकून राहिला. खालच्या मैदानात मात्र कुत्री उन्हाने, तापाने मरायची आणि दर हंगामाला नवी मागवावी लागायची. नोकरशाहीच्या दृष्टीने हा भरपाईचा विषय होता. पत्र लिहायचं, पुढच्या जहाजाने कुत्री यायची.

ती कशाने मरतात याकडे पाहणारा एक माणूस होता. कॅप्टन वॉल्टर पॅटन, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कीटकांचा अभ्यासक. मद्रास हंटच्या कुत्र्यांचं रक्त काचेवर पसरून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तांबड्या पेशींच्या आत बारीक अंगठ्यांसारखे ठिपके. जुनी माहिती असलेला बबेसिया मोठा, नासपतीच्या आकाराचा. हा त्याहून लहान आणि वेगळा. त्याने त्याला गिब्सोनी हे नाव दिलं. मग त्याने कोल्ह्याचं रक्त तपासलं. त्यातही तोच.

त्या रात्री मी इथे थांबले आणि उठून भिंगरीला पाणी पाजून आले. म्हणजे कोल्ह्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांच्या आणि कोल्ह्याच्या रक्तात एकच जीव फिरत होता. मध्ये दुवा गोचिडीचा. ज्या झुडपांतून कोल्हा जायचा त्याच झुडपांतून, त्याच्याच वासावर, नाक जमिनीला लावून, लोंबते कान गवतावरून ओढत हे पाहुणे जायचे. गोचिडीला याहून सोयीचं कुत्रं कोणी जाणूनबुजून बनवायचं म्हटलं तरी बनवता आलं नसतं. इतिहासाच्या पुस्तकांत त्या शिकारींचे लाल कोट आहेत, तुताऱ्या आहेत. रक्ताच्या त्या काचेचा उल्लेख मला पशुवैद्यकाच्या पुस्तकांतच भेटला.

आमच्या घरात गोचीड माझ्यामुळे आली. ती महिन्याची गोळी मी मे संपताना द्यायची होती ती दिली नाही. पाऊस सुरू झाला, आता कुठल्या गोचिड्या, असा माझा हिशेब. तो साफ उलटा होता. दमट हवेत त्यांचं फावतं. शिवाय कुत्र्याची तपकिरी गोचीड गवतावर अवलंबून नसते. ती भिंतीच्या भेगेत, सोफ्याच्या शिवणीत, पायपुसण्याखाली राहते, आणि एक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर एक दिसली तर घरात बाकीची पिढी आहे असं समजायचं. चिकटल्याबरोबर रोग देता येत नाही, तिला दीड-दोन दिवस रक्त प्यावं लागतं. तेवढा वेळ आपल्या हातात असतो. रोज रात्री कानांच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, गळपट्ट्याखाली हात फिरवायचा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी, मीठ असले आजोबांच्या काळचे प्रयोग नकोत.

भिंगरी आठवडाभर सलाइनवर ये-जा करत होती. एकदा रक्त द्यावं लागलं. ते डॉक्टरांच्या ओळखीतल्या एका अवाढव्य लॅब्रेडॉरने दिलं आणि बदल्यात दोन उकडलेली अंडी घेतली. माणसांना मलेरियावर देतात त्यातलं एक औषध आणि जोडीला एक नेहमीचं अँटिबायोटिक, असे दहा दिवस. नवव्या दिवशी रात्री स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडल्याचा आवाज झाला. आई ओरडली, "मेली, पोळ्या खाल्ल्यान सगळ्या!" आणि मग रडायला लागली. आई कुत्र्याला घरात घेण्याच्या विरोधात होती हे इथे नोंदवून ठेवते.

मघाशी सोशिकपणाची किंमत म्हटलं होतं ती आता. विसाव्या शतकात शिकार आटली, पण बीगलची मागणी वाढली. एक म्हणजे घरांत. अमेरिकेत १९५०च्या दशकात तो सर्वांत लोकप्रिय कुत्रा होता, स्नूपीही १९५०चाच. दुसरी मागणी प्रयोगशाळांची. आकार हातात मावणारा, कळपात ठेवता येणारा, आणि सुई टोचणाऱ्या हातालाही न चावणारा. अणुयुगाच्या सुरुवातीला अमेरिकेत युटा, डेव्हिस आणि शिकागोजवळच्या अर्गॉन इथे किरणोत्साराचा जिवंत शरीरावर काय परिणाम होतो ते पाहायला बीगलच वापरले. अर्गॉनमध्ये त्यांना कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांत ठेवलं गेलं. १९७५मध्ये ब्रिटनमधल्या मेरी बीथ या पत्रकार बाईंनी प्रयोगशाळेत सिगारेटचा धूर ओढायला लावलेल्या बीगलचे फोटो छापून आणले आणि देश हादरला. पण प्रकार थांबला नाही. २०२२मध्ये व्हर्जिनियातल्या एका पैदास केंद्रातून सुमारे चार हजार बीगल सोडवून घरोघरी द्यावे लागले. आपल्याकडे २०१६मध्ये बंगळुरूत प्रयोगशाळेतून सुटलेल्या दीडशेहून जास्त बीगलना घरं शोधली गेली. अशा कुत्र्यांना गवतावर पाय ठेवायची भीती वाटते, कारण गवत त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. जन्मल्यापासून पिंजऱ्याची जाळी आणि फरशी. इतकं मोठं नाक, आणि त्याला हुंगायला फिनाईल.

कोबाल्ट-६० हे नाव नाशिककरांना अनोळखी नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' आहे, २००२पासून. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून त्यावर कोबाल्ट-६०चे किरण सोडायचे, ही मूळ कल्पना. पण ते गाजलं आंब्यामुळे. कोयीतल्या भुंग्यासारख्या किडींच्या भीतीने अमेरिकेने अनेक वर्षं भारतीय आंबा बंद ठेवला होता. २००६च्या मार्चमध्ये बुश भारतात आले तेव्हा आंबा आणि हार्ले-डेव्हिडसन या दोन्हींची बोलणी एकत्र झाली, आणि २००७च्या एप्रिलमध्ये लासलगावातून किमान ४०० ग्रे मात्रा दिलेला हापूस आणि केशर अमेरिकेला रवाना झाला. किरणांनी आंब्यात काही उरत नाही, किडीला मात्र पुढची पिढी वाढवता येत नाही.

आणि त्या आंब्याच्या वाटेवर पलीकडच्या टोकाला कोण बसलंय? बीगल. १९८४मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अमेरिकी कृषी खात्याने प्रवाशांचं सामान हुंगायला बीगल ठेवले. दांडगी कुत्री पाहून प्रवासी बिचकायचे, याला पाहून पोरं जवळ यायची. शिकवताना पाच वासांपासून सुरुवात करतात: सफरचंद, संत्र्यालिंबाचा वर्ग, गाईचं मांस, डुकराचं मांस आणि आंबा. वास आला की भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही. सामानाशेजारी शांतपणे बसायचं. की खाऊ मिळतो. २०१८मध्ये अटलांटाच्या हार्डी नावाच्या बीगलने एका बॅगेतून अख्खं भाजलेलं डुकराचं मुंडकं काढून दिलं. हा हार्डी आधी बेवारशांच्या निवाऱ्यात होता.

माझ्या मावशीला हा अनुभव आहे. मुलीच्या बाळंतपणाला निघताना तिने साड्यांच्या घड्यांत चार हापूस नेले. प्रत्येकाला दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि वरून हळदीकुंकवाच्या वाणाचा रुमाल, म्हणजे वास येणार नाही. तिथल्या विमानतळावर पट्ट्यावरून बॅग घेतली आणि एक गोजिरवाणं कुत्रं शेपूट हलवत आलं. "मी म्हटलं, अगं बाई, आपली भिंगरीच! डोक्यावरून हात फिरवला. तर ते माझ्या बॅगेपाशी बसलं. मला वाटलं, प्रेमाने बसलं." आंबे गेले. ते लासलगावहून किरण खाऊन आले असते तरी हातातल्या पिशवीतून नेता आले नसतेच. मावशीचा राग अजून कुत्र्यावर नाही, त्या रुमालावर आहे.

तर असं हे नाक नाशकात सांभाळायचं म्हणजे काय, हे मला गेल्या चार वर्षांत थोडंफार कळलंय. पहिली गोष्ट फार विचित्र आहे. आमच्या जिल्ह्याची ज्या दोन पिकांवर शान, ती दोन्ही कुत्र्याला विष आहेत. द्राक्ष आणि कांदा. द्राक्षाने, आणि बेदाण्याने तर जास्तच, कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं चार दाण्यांत जातं. आधी सांगता येत नाही. यात दोष टार्टारिक आम्लाचा असावा, असं अलीकडे पुढे आलं आहे. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला, वाळवलेला कसाही असो, तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे गिब्सोनी जे करतो तेच, फक्त स्वयंपाकघरातून. भरल्या वांग्याचा उरलेला रस्सा 'बिचारीला' घालायचा नाही. शिऱ्यातला बेदाणा जमिनीवर पडला तर धावत जायचं. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-पिंपळगावहून कोणी ना कोणी द्राक्षांची पेटी आणून देतं, ती दाराशी क्षणभरही टेकवायची नाही. कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांना हे आधी सांगावं लागतं. पाहुणे हसतात. हसू द्यावं.

दुसरं, पोट. बीगलला भूक भागल्याची खूण देवाने दिलेलीच नाही. डोळ्यांत पाणी आणून बघतो आणि आपण फसतो. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, दिसायला नकोत, एवढं माप पुरे. जाड झालेल्या बीगलची पाठ दुखते, मणके सरकतात. लोंबत्या कानांत हवा जात नाही, पावसाळ्यात ते आठवड्यातून दोनदा उघडून, हुंगून बघायचे. आंबूस वास आला तर डॉक्टरांकडे. इथे निदान आपलं नाक उपयोगी पडतं.

तिसरं, पट्टा. मोकळ्या जागी सोडलेला बीगल बोलावल्यावर येईल हा भ्रम आहे. आज्ञाधारक नाही म्हणून नव्हे. माग सापडला की मागच्या माणसाची वाट न बघता पुढे जायचं, हीच तर त्याला दिलेली आज्ञा आहे. आणि आमच्याकडे नदीकाठी, उसाच्या कडेला बिबट्या असतो. शेजारच्या अकोल्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. त्यामुळे अंधारात नदीच्या वाटेला जायचं नाही. उजाडलं की जायचं, पाच मीटरचा पट्टा लावून, आणि मग मात्र चालण्याचा वेग तिच्यावर सोडायचा. पूर्वी मी तिला ओढत तीन किलोमीटर पूर्ण करायचे, घड्याळात पावलं भरायची. घरी येऊन ती पुन्हा भिंगरीसारखी फिरायची. आता चाळीस मिनिटांत आम्ही कधी कधी तीनशे मीटरच जातो, आणि घरी आल्यावर ती दुपारपर्यंत झोपते. एका बाभळीखाली ती सहा मिनिटं उभी होती एकदा. तिथे काय होतं ते मला कळायचा काही मार्ग नाही. ज्यांच्याकडे एवढा वेळ नाही त्यांनी दुसरं कुत्रं बघावं, इथलंच, गल्लीतलं बघावं. बीगल घेऊ नये.

जानेवारीत पुन्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेतेरा. काचेवर अंगठ्या दिसल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, गिब्सोनी पुरता जातोच असं नाही, लपून राहतो, ताण पडला की डोकं वर काढतो. दर सहा महिन्यांनी बघत राहू. गोळीची तारीख आता आईने कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे, संकष्टीच्या शेजारी.

काल संध्याकाळी ओझरहून काका आला. पिशवी सोफ्यावर ठेवून हात धुवायला गेला. भिंगरी गॅलरीत झोपली होती, ती उठली, आत आली, नाक वर करून एकदा हवा ओढली आणि पिशवीशेजारी जाऊन बसली. भुंकली नाही, ओरबाडलं नाही. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. पिशवीत दोन किलो द्राक्षं होती. मी ती उचलून फ्रिजवर ठेवली. तिला गाजराचा तुकडा दिला, तो तिने न चावता गिळला आणि पुन्हा फ्रिजसमोर जाऊन बसली.